प्रभाग समितीवर संस्थेचा सदस्य पाठवायचाय? आधी हद्द तपासा

"वशिला असेल तरच नाव लागतं" हे ऐकून ऐकून कान किटलेत. नाशिकमधल्या छोट्या संस्थांच्या फायली मी बऱ्याच वर्षांपासून तयार करून देतोय. चांगल्या माणसांची नावं कागदांवरून मागे पडलेली मी स्वतः पाहिली आहेत, म्हणून हे लिहितोय.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २९अ प्रमाणे प्रभाग समितीत त्या भागातले नगरसेवक, विभागाचे अधिकारी आणि जास्तीत जास्त ३ नामनिर्देशित सदस्य असतात. हे तिघं त्या हद्दीत समाजकल्याणाचं काम करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांचे सदस्य हवेत आणि तिथलेच मतदार हवेत. स्वीकृत नगरसेवक (महापालिकेच्या सभागृहावर नेमले जाणारे) हा प्रकार वेगळा, त्याची गल्लत करू नका.

१. संस्थेचे कागद. नोंदणी प्रमाणपत्र, परिशिष्ट १ चा उतारा (धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीतला, विश्वस्तांची नावं असलेला), लेखापरीक्षण अहवाल, सदस्याचं नाव सुचवणारा ठराव.

२. हद्द. इथे घाई करू नका.

महापालिकेचे विभाग सहा, प्रत्येकाची एक प्रभाग समिती: नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नवीन नाशिक (म्हणजे सिडको), सातपूर, नाशिकरोड. विधानसभेचे मतदारसंघही नाशिक पूर्व, नाशिक मध्य, नाशिक पश्चिम. नावं सारखी, भाग निराळे! विधानसभेच्या 'पश्चिम'मध्ये सिडको-सातपूर येतं. महापालिकेच्या 'पश्चिम'मध्ये कॉलेज रोड, गंगापूर रोड. पंचवटी विधानसभेला 'पूर्व'मध्ये, महापालिकेत स्वतंत्र विभाग.

माझ्या सुरुवातीच्या एका फायलीत हेच नडलं. ज्यांचं नाव सुचवायचं होतं त्या ताई राहायला सिडकोत, मुलांचे वर्ग घ्यायच्या गंगापूर रोडच्या वस्तीत. त्यांच्या मतदार ओळखपत्रामागे '१२५ - नाशिक पश्चिम' छापलेलं. मी संस्थेच्या पत्रात 'कार्यक्षेत्र : नाशिक पश्चिम' लिहिलं आणि जुळलं म्हणून निर्धास्त झालो. कारकुनाने प्रभागाची यादी उघडून बोट ठेवलं: मतदार नवीन नाशिक विभागातल्या. अर्ज तिथेच बाजूला पडला. इतकी वर्षं उन्हातान्हात वर्ग घेणाऱ्या बाईंचं नाव माझ्या एका ओळीने गेलं, ते मला अजून लागतं.

म्हणून ओळखपत्रावर विसंबू नका. महापालिका निवडणुकीची प्रभागनिहाय अंतिम यादी काढा, प्रभाग आणि अनुक्रमांक टिपा, आणि तो प्रभाग कोणत्या विभागीय कार्यालयाकडे येतो ते तिथे जाऊन विचारा. "पत्ता बदलून घ्या, काम होईल" असं सांगणारे भेटतील. नमुना ८ (मतदार यादीतला पत्ता बदलायचा अर्ज) जरूर भरा, पण महापालिकेची यादी विधानसभेच्या यादीवरून ठरावीक तारखेला तयार होते; त्यानंतरचा बदल तिच्यात उतरत नाही. अशा वेळी हद्दीत मतदार असलेला संस्थेचा दुसरा सदस्य सुचवावा, हेच माझं ठाम मत.

कामाचा पुरावाही त्याच हद्दीतला लागतो. हार घातलेले फोटो आणि सन्मानपत्रं घरी ठेवा. तुंबलेल्या चेंबरबद्दल तुम्ही दिलेलं पत्र, त्यावर विभागीय कार्यालयाचा आवक शिक्का, क्रमांक, तारीख, आणि पुढे काम झाल्याचं उत्तर: अशी चार-पाच पत्रं तारखेप्रमाणे लावली की फाइल स्वतःच बोलते.

३. नगरसेवकांची भेट. नामनिर्देशन करतात ते प्रभाग समितीतले नगरसेवक, त्यामुळे आमदारांच्या शिफारसपत्रासाठी चपला झिजवू नका. पक्ष न बघता प्रत्येक नगरसेवकाला एक पानी पत्र स्वतः नेऊन द्या. मार्च २०२२ मध्ये नाशिक महापालिकेची मुदत संपून प्रशासक आले. नगरसेवकच नसले की नाव सुचवणारं कुणी उरत नाही. म्हणून निवडणुकीनंतर सभागृह बसल्याबरोबर हालचाल करा.

४. अर्ज. विभागीय अधिकाऱ्यांकडे द्या, प्रत राजीव गांधी भवनात (महापालिकेच्या मुख्यालयात) नगरसचिवांकडे. दोन्हीकडची पोच घ्या.

नाव लागलं की पहिल्या बैठकीआधी आपल्या भागाच्या अंदाजपत्रकाची प्रत मागा. तरतूद असेल तर ५ लाखांपर्यंतच्या कामांना समितीच मंजुरी देते. वस्तीतलं फुटलेलं चेंबर बहुतेक वेळा त्याच रकमेत बसतं.