झेनॉन टेस्टमध्ये गडद कापडावर पांढरट थर येतोय? आमच्याकडे कारण हे निघालं

कुपवाड एमआयडीसीत आमची छोटी लॅब आहे. कापडाचा रंग उन्हापावसात किती टिकतो ते तपासणाऱ्या झेनॉन मशीनला पाण्याचा फवारा लावला की नेव्ही नि काळ्या सॅम्पलवर पांढरट थर यायचा, रंग उडालाय का काही बसलंय तेच कळेना आणि ग्रे स्केलला (रंगातला फरक मोजायची करडी पट्टी) ग्रेड खाली. नुसत्या लाइटवर घेतली की टेस्ट चकाचक.

दिवा बदलला, टाइमिंग बदललं, डाइंगवाल्याशी वादही झाला. डोकं फिरायची वेळ आली होती.

पाणी बोअरचं, पण आरओ नि मिक्स्ड बेडमधून (क्षार काढणाऱ्या रेझिनची टाकी) येतं आणि कंडक्टिव्हिटी मीटर, म्हणजे पाण्यातले क्षार दाखवणारा, 5 मायक्रोसीमेन्स प्रति सेमीच्या खाली, त्यामुळं पाण्यावर कुणाचा संशयच नाही. मग काळ्या काचेवर तेच पाणी वाळवलं तर प्रत्येक थेंबाची पांढरी कड उमटली. सिलिका, म्हणजे पाण्यात विरघळलेली वाळूतली खनिज! कंडक्टिव्हिटी मीटरला ती जवळपास दिसतच नाही, आणि रेझिन संपत आलं की आधी तीच सुटते.

आधी नोझलपाशी पाणी धरून सिलिका किटनं तपासा, टाकीतलं नको. 0.2 पीपीएमच्या वर असेल तर मिक्स्ड बेडचं रेझिन बदला, मग टाकी धुऊन नवं पाणी पूर्ण लाइनमधून वाहू द्या आणि नोझलवर परत किट लावा. आकडा खाली आल्यावरच दिव्याचे फिल्टर गार करून पुसा, थर निघाला नाही तर बदला. शेवटी नवं सॅम्पल नि नवी ब्लू वूल पट्टी (रंग किती उडतो ते तोलायची प्रमाणित निळी लोकरी पट्टी) लावा, पट्टी मात्र काचेआड, तिच्यावर फवारा नको.

आता किट दर आठवड्याला, मीटर काहीही म्हणू दे.