गार्डच्या कंत्राटाचा हिशेब: या चुका टाळा

नागपूरच्या मनीषनगर-बेसा भागातली सोसायटी असो की हिंगण्यातला कारखाना, गार्डचं कोटेशन आलं की नजर जाते ती शेवटच्या आकड्यावर. ज्याचा आकडा कमी, त्याला काम. पण किमान वेतन सगळ्याच एजन्सींना द्यावं लागतं, आणि पीएफ व ईएसआय (कामगारांचा राज्य विमा) बहुतेक सगळ्यांना भरावे लागतात. आकडा त्याहून खाली गेला, तर ती तूट गार्डच्या पगारातून निघणार हे नक्की.

सगळ्यात महाग पडते ती बारा तासांच्या ड्यूटीची चूक. ‘बारा तास, महिना इतके’ असं एका ओळीत लिहिलं की आठ तासांवरचे चार तास हिशेबातून नाहीसे होतात. ओव्हरटाइमचा दर दुप्पट असतो. समजा, मूळ वेतन आणि विशेष भत्ता (महागाईप्रमाणे बदलणारा) मिळून १३,००० रुपये आहेत. एका दिवसाचं वेतन काढताना २६ ने भागायचं, म्हणजे ५०० रुपये. बरेच जण ३० ने भागतात आणि गार्डचे रोजचे ६७ रुपये तिथेच जातात. तासाचे ६२.५०, ओव्हरटाइमच्या तासाचे १२५, चार तासांचे ५००. म्हणजे बारा तासांच्या ड्यूटीचे दिवसाला १,००० रुपये. चोवीस तासांच्या पॉइंटवर, म्हणजे पहाऱ्याच्या एका जागेवर, असे दोन गार्ड ठेवले तर २,००० आणि आठ-आठ तासांचे तीन ठेवले तर १,५००. दोन गार्ड स्वस्त वाटत असतील, तर ओव्हरटाइम बुडवला जातोय.

आता आठ तासांच्या एका पॉइंटचा महिना मांडू. वेतन १३,०००. घरभाडे भत्ता ५ टक्क्यांनी ६५०. पीएफमध्ये मालकाचा वाटा, विमा आणि प्रशासन खर्च धरून १३ टक्के, म्हणजे १,६९०; हा घरभाडे भत्ता सोडून काढायचा. ईएसआय मात्र भत्त्यासह १३,६५० वर, ३.२५ टक्के, म्हणजे ४४४. बोनस ८.३३ टक्के, १,०८३. बेरीज १६,८६७. यात साप्ताहिक सुट्टीच्या रिलीव्हरचा (बदली गार्डचा) एक षष्ठांश, २,८११, धरला की १९,६७८ होतात. रिलीव्हरची ओळ कोटेशनमध्ये नसेल, तर गार्डला सुट्टीच मिळत नाही असं समजा. एजन्सीचा सर्व्हिस चार्ज यानंतर लावायचा.

जीएसटी फक्त सर्व्हिस चार्जवर लावणं ही नेहमीची चूक. १८ टक्के पूर्ण बिलावर लागतो, वेतनासकट. एजन्सी मालकी किंवा भागीदारीची असेल आणि ग्राहक जीएसटी नोंदणीकृत असेल, तर हा कर रिव्हर्स चार्जने ग्राहकाने भरायचा असतो.

विशेष भत्ता १ जानेवारी आणि १ जुलैला बदलतो. वर्षभराचा एकच ठोक दर लिहू नका; फरक आपोआप लागू होईल असं कलम घाला. पॉइंट नागपूर मनपा हद्दीत आहे की बुटीबोरीसारखा बाहेर, हेही बघा, कारण वेतनाचे दर परिमंडळानुसार, म्हणजे सरकारने ठरवलेल्या भागांनुसार, ठरतात.

बिल जुळत नसेल तर हजेरीपट, पगारपत्रक आणि पीएफचं चालान शेजारी ठेवा. चालानात प्रत्येक गार्डचं नाव आणि यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) हवा. मालकाचा पीएफ वाटा गार्डच्या पगारातून कापलेला आढळतो, तो परत करायला लावा. आणि एजन्सीने पगारच थकवला, तर नुसतं बिल अडवून ठेवू नका, त्यात गार्डचं घर अडकतं. पगार थेट गार्डला द्या आणि ती रक्कम एजन्सीच्या बिलातून वळती करा.