4294967297 तपासताना या चुका टाळा

दोनाचा बत्तिसावा घात अधिक एक. 2 चा 1, 2, 4, 8, 16 वा घात घेऊन एक मिळवला की 3, 5, 17, 257, 65537 येतात. या मूळ संख्या, म्हणून पुढची 4294967297 हीसुद्धा मूळच, असं गणितज्ञ फर्माला 1640 मध्ये वाटलं. 1732 मध्ये गणितज्ञ ऑयलरने तिला 641 ने भागून दाखवलं. शिकवणीत ‘ही मूळ आहे का?’ म्हणून ही संख्या मी मुद्दाम देतो आणि दरवर्षी त्याच त्या चुका बघतो.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे संख्या धड न उतरवणं. एकदा एक मुलगा धावत आला, “सर, ऑयलर चुकला! प्रोग्रामला एकही विभाजक सापडत नाही.” अर्धा तास मी त्याचा प्रोग्राम ओळ न ओळ तपासला. निर्दोष! मग वही मागितली. तिथे 4294967279. शेवटचे दोन अंक उलटे, आणि दैव असं की ही संख्या खरोखरच मूळ आहे. नऊचा ताळाही इथे फसतो, कारण अंकांची बेरीज दोन्हीकडे 59. अकराने भागलं असतं तर लगेच कळलं असतं: खरीची बाकी 5, उलटीची 9. मी तर 4,29,49,67,297 असं लिहून मोठ्याने वाचतो. सत्याण्णव आणि एकोणऐंशी यांत कान फसत नाही.

दुसरी चूक हुशार मुलांची. विषम मूळ संख्या असेल तर 2 चा तिच्याहून एकने लहान घात घेऊन तिने भागल्यावर बाकी 1 उरते, हा फर्माचा नियम ते उलटा वापरतात. 2 चा 4294967296 वा घात घेतला, बाकी 1 आली, म्हणजे संख्या मूळ! अरे, 2 चा 32 वा घात इथे उणे 1 बाकी देतो. त्याचा वर्ग 1, आणि पुढे कितीही वर्ग करा, 1 च राहणार. 2 ला साक्षीला बोलावलंत तर तो आपल्या घरच्याच बाजूने बोलणार. 3 घ्या, बिंग फुटतं.

दहा अंकी स्वस्त कॅल्क्युलेटर वर्गमूळ 65536 दाखवतो, म्हणून “पूर्ण वर्ग” लिहू नका. एककस्थानी 7 असलेली संख्या वर्ग नसते.

प्रोग्राममध्ये 32 बिटांचा चल घेतलात तर त्यात 2 चा 32 वा घात मावतच नाही, तो गळून नुसता 1 उरतो.

शंभरापर्यंत भागून कंटाळणाऱ्यांसाठी: हिचा प्रत्येक मूळ विभाजक 128 च्या पटीहून 1 ने मोठा असतो. 129, 257, 385, 513, 641. यांत मूळ दोनच, म्हणजे दोन भागाकारांत काम संपलं. मात्र हे सूत्र नुसतं पाठ करून येणाऱ्याला मी आधी सिद्धता विचारतो.

आणि 641 मिळाला की वही मिटू नका. 641 ने भागून आलेला 6700417 मूळ आहे का? त्याच्या वर्गमूळापर्यंत, म्हणजे 2588 पर्यंत, 257, 641, 769, 1153, 1409 हे पाचच उमेदवार. पाचही भागून बघा, मगच “विभाजक चार” असं लिहा.