फोमच्या लक्ष्याचा झिजलेला गाभा मी असा बदलला
सतत मध्यावरच नेम धरल्यामुळे माझ्या तिरंदाजीच्या लक्ष्याचा गाभा इतका भुसभुशीत झाला होता, की बाण आरपार जाऊन त्यांची पिसे फाटू लागली. प्रथम मी भोकांत फुगणारा पॉलियुरेथेन फोम भरला. परंतु तो आतपर्यंत सुकण्याआधीच सराव केल्याने बाणांच्या दांड्यांना चिकट राप बसला. अखेर लांब पात्याच्या सुरीने झिजलेला भाग चौकोनी कापून काढला आणि तेथे दाट पॉलिइथिलीन फोमच्या पट्ट्या, कडा समोर येतील अशा रीतीने, दाबून बसवल्या. बाण थरांमधून शिरतो आणि घर्षणाने थांबतो. म्हणून पट्ट्या एकमेकींवर घट्ट दाबल्या जाव्यात यासाठी त्यांची एकत्रित जाडी कापलेल्या चौकोनी खाचेपेक्षा थोडी जास्तच ठेवावी, असे माझे ठाम मत आहे. गोंद मुद्दाम लावला नाही, कारण पट्ट्या पुन्हा बदलाव्या लागतीलच.