कडाक्याच्या थंडीत गच्चीवरची तुळस वाचली

आमच्या धुळ्यात डिसेंबर-जानेवारीत पारा कधी कधी ६-७ अंशांवर येतो. गेल्या हिवाळ्यात गच्चीवरची तुळस दोन रात्रींत काळवंडली. पान हातात घेतलं की चुरा. फार वाईट वाटलं.

कुंडीत मुळांभोवती माती थोडीच, ती चहूबाजूंनी गार पडते. म्हणून कुंड्या कठड्यावरून उचलून जिन्याच्या भिंतीला, दक्षिणेच्या अंगाला, एकमेकींना खेटून ठेवल्या. ही भिंत दिवसभर तापते, रात्री ऊब देते. खाली विटा, भोवती सुतळीनं बांधलेलं गोणपाट, मातीवर केळीची वाळलेली पानं.

आधी प्लास्टिक झाकलं होतं. आत पाणी साचून पानं सडली. आता चार काड्या रोवून आईचं जुनं सुती लुगडं पांघरतो, पानांना टेकू देत नाही. ऊन आलं की काढतोच. पाणी संध्याकाळी नाही, सकाळी दहाला, तेही बोट खुपसून माती कोरडी लागली तर.

काळ्या काड्या लगेच छाटल्या नाहीत. एक नखानं खरवडली, आत हिरवी होती! फेब्रुवारीत ऊन तापल्यावर छाटणी केली. काही दिवसांत पेरापाशी मोहरीएवढे कोंब दिसले.