फुटबॉल खेळणं थांबल्यावर टीमचा मॅनेजर, म्हणजे मुख्य कोच, व्हायचंय? मग सुरुवात अशी करा

बूट खुंटीला टांगले की दुसऱ्या दिवशी कोणी मॅनेजर होत नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसवा. नाव मोठं असलं की मोठी नोकरी चटकन मिळते पण टिकत नाही. इटलीच्या मिडफिल्डर पिर्लोचंच बघा, काय पास द्यायचा तो माणूस! 2020 मध्ये इटलीच्या युव्हेंटस क्लबने त्याला 23 वर्षांखालच्या टीमचा कोच केलं आणि काही दिवसांतच थेट सीनियर टीम हातात दिली, एक सीझन झाला आणि गेला. इंग्लंडच्या गॅरी नेव्हिलचं तर अजून वाईट झालं, आधी कधी मॅनेजर नव्हता आणि एकदम स्पेनचा व्हॅलेन्सिया क्लब, तिथली भाषाही नीट येत नाही, बार्सिलोनाकडून 7-0 हरले आणि चार महिन्यांत काम संपलं.

म्हणून माझं म्हणणं, खेळत असतानाच कोचिंगच्या लायसन्सला सुरुवात करा. सी, बी, ए आणि मग प्रो अशी चढण असते, वेळ लागतो, आणि टॉपच्या लीगमध्ये प्रोशिवाय सहसा चालत नाही. रोजच्या ट्रेनिंगनंतर वहीत लिहायची सवय लावा, कोचने आज काय करून घेतलं आणि ते का.

मग छोटी टीम घ्या. लाज वाटून घेऊ नका. स्पेनचा शाबी अलोन्सो वर्ल्ड कप जिंकलेला माणूस, पण सुरुवात रियल माद्रिदच्या 14 वर्षांखालच्या पोरांपासून केली, मग तीन सीझन रियल सोसिएदादच्या बी टीमसोबत काढले, ती टीम वरच्या लीगमध्ये चढली आणि परत खालीही आली, तोवर तो तिथेच होता. 2022 मध्ये जर्मनीचा लेव्हरकुसेन क्लब घेतला आणि 2023-24 ला एकही मॅच न हरता तिथली टॉपची लीग, बुंडेसलिगा, जिंकून दिली. मँचेस्टर युनायटेडचा नावाजलेला मॅनेजर फर्ग्युसन सुरुवातीला, 1974 मध्ये, स्कॉटलंडच्या ईस्ट स्टर्लिंगशर या छोट्या क्लबला गेला तेव्हा टीममध्ये गोलकीपरच नव्हता!

छोट्या टीममध्ये शिकायचं काय, तर सांगायला शिकायचं. खेळताना पास तुम्हाला आपोआप दिसायचा, का दिसतो हे कुणाला समजवावं लागत नव्हतं, आता सगळं कामच ते आहे. समजा चार विरुद्ध दोन असा रोंडो (बाहेरचे चौघे पास देतात, मधले दोघे बॉल हिसकावतात) चाललाय आणि एक पोरगा सारखा बॉल घालवतोय. ओरडू नका, स्वतः आत जाऊन करूनही दाखवू नका (हा मोह फार होतो). खेळ थांबवा, सगळे जागच्या जागी. त्याला विचारा, बॉल यायच्या आधी तुझ्या मागे कोण होतं? सांगता आलं नाही तर कळलं, त्याचा पाय नाही चुकत, मान वळत नाहीये. एवढंच सांगा आणि परत सुरू करा, अर्ध्या मिनिटाच्या वर बोललात की पोरं ऐकायची बंद होतात.

आणि आपल्याच सिस्टीमच्या, म्हणजे खेळाडू मांडायच्या पद्धतीच्या, प्रेमात पडू नका. इटलीचा मॅनेजर अँचेलोत्ती पार्मा क्लबला असताना 4-4-2 ला (चार डिफेंडर, चार मिडफिल्डर, दोन स्ट्रायकर) इतका चिकटून होता की स्टार खेळाडू रॉबर्टो बाज्जिओ यायला तयार असताना त्याला नको म्हटलं, कारण बाज्जिओला स्ट्रायकरच्या मागे खेळायचं होतं आणि 4-4-2 मध्ये ती जागाच नसते. बाज्जिओ बोलोन्या क्लबला गेला आणि त्या सीझनला लीगमध्ये 22 गोल मारले. नंतर युव्हेंटसमध्ये तशाच जागेवर खेळणाऱ्या झिदानसाठी त्याच अँचेलोत्तीने फॉर्मेशन बदललं, आणि पुढे मॅनेजर म्हणून युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, चॅम्पियन्स लीग, पाच वेळा जिंकली. मला वाटतं त्याच्या करिअरमधली ही चूक प्रत्येक नव्या कोचने दोनदा वाचावी.

सगळ्यात जड जातं ते जुन्या मित्राला बाहेर बसवणं. कालपर्यंत एका रूममध्ये राहिलेला असतो तो. त्याला मॅचच्या टीमची लिस्ट लागल्यावर कळू देऊ नका, आदल्या दिवशी बाजूला घ्या, कारण सांगा, आणि तो चिडला तर चिडू द्या, तुम्ही उठून जाऊ नका.