गळा तयार आहे, मग गाणं फसतं कुठे? कराओकेवर गाणाऱ्या बायांनो, या चुका टाळा

गेल्या कोजागिरीला गावातल्या देवळासमोर मी कराओकेवर, म्हणजे गायिकेचा आवाज काढलेल्या तयार साथीच्या ट्रॅकवर, ‘जिवलगा राहिले रे दूर घर माझे’ घेतलं. इतकी वर्षं भजनात गाते, त्यामुळे माइकची भीती नाही. मुखडा झकास झाला. सवयीने एक सूर जरा लांबवला, डोळे मिटले. समोरच्या बायांनी माना डोलावल्या असतील, पण डोळे उघडेपर्यंत तबला पुढे निघून गेला होता. मग उरलेलं गाणं मी सुटलेल्या एसटीमागे धावावं तसं म्हटलं. खाली उतरल्यावर साउंडवाला पोरगा म्हणाला, “काकू, थे मशीन हाय. थे काय तुमच्यासाठी थांबते?”

बोलणं लागलं, पण त्यात खोट नव्हती. आपण वाढलो तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनावर. तिथे बाईने ओळ लांबवली की खंजिरी थांबते, ओळ विसरली की मागच्या बाया उचलून धरतात. भुलाबाईच्या गाण्यांतही तेच, आपण म्हणू तीच लय. म्हणून माझं मत असं झालं आहे की कराओकेवर भित्री बाई कमी चुकते. ती ट्रॅकचा पदर घट्ट धरून चालते. चुकते ती आपल्यासारखी, जिला साथ आपल्या मागे येण्याची सवय आहे.

उपाय कंटाळवाणा आहे. कार्यक्रमाआधी आठवडाभर तोच ट्रॅक, जो वाजणार आहे तोच, स्वयंपाक करताना लावून ठेवायचा आणि गायचं नाही. मधल्या वादनाची आवर्तनं, म्हणजे ठेक्याच्या पूर्ण फेऱ्या, बोटांवर मोजायची. माझ्या वहीत आता शब्दांच्या मध्ये ‘बासरी संपली, दोन आवर्तनं, मग उचल’ असं लिहिलेलं असतं. ‘सैराट’मधल्या (2016) ‘आताच बया का बावरलं’सारख्या गाण्याला तर हे हवंच. त्या सिनेमाचं संगीत लॉस एंजेलिसला मोठा सिंफनी वाद्यवृंद बसवून रेकॉर्ड केलेलं आहे. व्हायोलिनच्या लाटांमध्ये ठेका शोधत बसलात तर उचल, म्हणजे आपली ओळ सुरू करायची जागा, हातची जाते.

पट्टी मुखड्यावरून ठरवणे

सगळ्यात जास्त गाणी इथे मरतात. पट्टी म्हणजे गाणं किती उंच सुरात आहे ते. मुखडा गुणगुणून बघायचा, ‘जमते’ म्हणायचं आणि नाव द्यायचं. अंतरा वर चढला की मग मानेच्या शिरा फुगतात. शास्त्रीय शिकलेल्या बाया साधारण पेटीवरच्या काळी चार-पाचला सा धरतात, पण ट्रॅकचा सा संगीतकाराने त्या गाण्यापुरता, त्या गायिकेपुरता ठरवलेला असतो. लताबाईंना वरचे सूर सहज लागत, आपल्याला तिथे जाताना जिना चढावा लागतो.

म्हणून गाण्यातली सर्वात उंच ओळ आधी काढा. पेटीवर, माइकशिवाय, तीन वेळा सलग म्हणा. तिसऱ्यांदा ओरडल्यासारखी झाली तर पट्टी खाली घ्या. ट्रॅकच्या अॅपमध्ये पिचचा आकडा असतो. उणे एक म्हणजे पेटीवरची लगतची एक पट्टी खाली, काळीसुद्धा मोजून. उणे दोनपर्यंत बहुधा काही कळत नाही. त्याहून फार खाली ओढलं की तबला पोत्यावर थाप मारल्यासारखा वाजतो आणि मुखड्यातले खालचे सूर आपल्या घशातच विरतात. तेव्हा खालची ओळही तपासा. दोन्ही टोकं जमत नसतील तर ते गाणं आपलं नाही. लाज कसली त्यात? आणि एक, वेगाच्या बटनाला हात लावू नका. माझ्या जावेने पिच समजून तेच दाबलं होतं, लावणीची अंगाई झाली.

श्वास

‘नटरंग’मधलं (2010) बेला शेंडेंचं ‘अप्सरा आली’ संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे दरवर्षी कोणी ना कोणी घेतंच. बसून सराव करतात आणि कार्यक्रमात उभ्याने, हातवारे करत, एक पाय थिरकवत गातात. दम तिथेच जातो. ज्या अदा स्टेजवर करायच्या त्या सरावातच करा आणि वहीत जिथे श्वास घ्यायचा तिथे उभी रेघ मारा. रेघ शब्दाच्या मध्ये येता कामा नये.

‘पिंगा’ची (2015) गंमत वेगळी. ते दोघींचं गाणं आहे, श्रेया घोषाल आणि आपल्या हिंगणघाटच्या वैशाली माडे. एक ओळ टाकते तेव्हा दुसरी श्वास घेते. एकटीने दोन्ही बाजू म्हणायला गेलात तर श्वासाला जागाच उरत नाही. जोडीदारीण शोधा. मिळाली नाही तर आपली बाजू तेवढी म्हणा, बाकी वेळ टाळ्या घ्या.

आणि संथ गाण्याला सोपं समजू नका. ‘लग जा गले’ (1964) यादीत दिसलं की ‘हे तं येतेच’ म्हणून बाया धावतात. जलद गाण्यात चुकलेला सूर पुढच्या ठेक्याखाली लपतो, संथ गाण्यात तो उन्हात वाळत घातल्यासारखा सगळ्यांना दिसतो.

शब्द

आपल्याकडे विदर्भात बोलताना ‘ळ’चा ‘य’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो. बोलण्यात त्याची मला मुळीच लाज वाटत नाही. पण ‘ऐरणीच्या देवा’चं ‘ऐरनीच्या देवा’ झालं की कानाला टोचतं. ‘मेंदीच्या पानावर’ लिहिणारे सुरेश भट अमरावतीचेच होते, निदान त्यांचे शब्द तरी आपण नीट म्हणावेत.

उलटी चूकही होते. ‘जैत रे जैत’मधल्या (1977) ‘नभ उतरू आलं’मध्ये महानोरांनी ‘वलं’ लिहिलं आहे. एका शिकलेल्या वहिनीने सुधारून ‘ओलं’ म्हटलं आणि गाण्याचा सगळा ओलावा गेला. शब्द पडद्यावरून वाचू नका, पुष्कळदा ते इंग्रजी अक्षरांत असतात आणि चुकीचे असतात. मूळ गाणं ऐकून हाताने लिहा.

आवाज आणि यंत्र

गायिका चांगली, पण दोष यंत्राचा, असंही होतं. मोबाइलवरून ब्लूटूथने ट्रॅक लावला की आवाज थोडा उशिरा पोचतो. पडद्यावर शब्द रंगला म्हणून तुम्ही म्हणता आणि तबला नंतर येतो. साउंडवाल्या भाऊला वायर लावायला सांगा. ती नसेल तर पडद्याकडे पाठ करून कानाने गा.

मांडव मोठा असेल तर आणखी एक घोळ. ध्वनी सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे 34 मीटर दूर ठेवलेल्या बॉक्समधला (स्पीकरमधला) ठेका तुमच्या कानी सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा येतो. तो ऐकून गाणारी बाई हमखास मागे पडते. एक लहान बॉक्स आपल्याकडे तोंड करून जवळ ठेवायला लावा. मात्र माइक त्याच्यासमोर धरू नका आणि माइकची जाळी मुठीत झाकू नका, ‘कूंऽऽ’ तिथूनच सुरू होतो. उंच सुराला माइक चार बोटं लांब न्या. भजनाला देतात तितका इको कराओकेला नको, शब्द एकमेकांत कालवले जातात.

फोन विमान मोडवर टाका आणि ट्रॅक आधी उतरवून ठेवा. आमच्याकडे ऐन अंतऱ्यात बियाण्याची जाहिरात वाजली आहे, आणि एकदा कापूस वेचणाऱ्या बाया किती पाहिजे हे विचारणारा फोन सगळ्या गावाने ऐकला.

इतकं करूनही मध्येच वाट चुकली, तर ‘परत लाव बाप्पा’ म्हणू नका. तोंड माइकपासून दूर घ्या, मुखडा येईपर्यंत ठेका धरा आणि समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, परत शिरा. कोजागिरीला मी हे केलं नाही. संक्रांतीला तेच गाणं पुन्हा घेतलं, एक पट्टी खाली, वही हातात. दुसऱ्या अंतऱ्यात एक ओळ सुटली, मी गप्प राहून मुखड्याला मिळाले. जाऊबाई म्हणाली, “तिथं थांबली काहून वं? बरं वाटलं पण.”